कास्टिंगची तारीख बघितल्याशिवाय झेड/२८ घेऊ नका: माझे ७२,५०० डॉलर असे गेले

१९६९ ची कॅमारो झेड/२८, म्हणजे शेव्हरोलेच्या कॅमारोची शर्यतीसाठी काढलेली खास आवृत्ती, म्हणून मला जी गाडी विकली, ती झेड/२८ नाही. साधी व्ही-८ कॅमारो आहे, वरून पट्टे मारलेली. गाडीचे ७२,५०० डॉलर दिले. त्याआधी तपासणीचे ४२५, नंतर ट्रेलरवरून आणायचे १,४५०. ज्या जाणकाराने शेवटी खरं काय ते सांगितलं त्याचे ६५०. क्लोन, म्हणजे साध्या गाडीची केलेली नक्कल, म्हणून फार तर ४१,००० येतील, असं तो म्हणाला. हे लिहायची लाज वाटते, पण मी गप्प बसलो तर तो विकणारा पुढचं गिऱ्हाईक गाठणारच.

क्लोन कसे बनवतात हे तुम्हाला सांगायला नको. हा माणूस वेगळा कुठे होता ते ऐका. पहिल्या फोनवर त्याने पैशाचं नावही काढलं नाही. तुम्हाला गाड्यांमध्ये नेमकं काय आवडतं, एवढंच विचारलं. आमच्या मित्रांमध्ये यावर कायम वाद. एक जॅग्वार ई-टाइपवाला, त्याला अमेरिकन गाडी म्हणजे ट्रक वाटतो. दुसरा एसएस ३९६ वाला, म्हणजे मोठ्या ‘बिग-ब्लॉक’ इंजिनाचा भक्त, त्याला सरळ रस्ता आणि क्वार्टर माइल हवा. तिसरा रेस्टोमॉडवाला, जुन्या बॉडीत नवं एलएस इंजिन बसवून खूश. माझा जीव झेड/२८ वर. ट्रान्स-ॲम शर्यतीतल्या पाच लिटरच्या मर्यादेसाठी शेव्हरोलेने चार इंच बोअर आणि तीन इंच स्ट्रोकचं ३०२ घनइंचाचं इंजिन केलं. कागदावर २९० अश्वशक्ती, पण वरच्या आरपीएमला त्याचा आवाज बदलतो. वळणावर खेळणारी मसल कार. हे सगळं मी त्याला भडाभडा सांगितलं, आणि दोन दिवसांनी त्याने तेच मला ऐकवलं. बिग-ब्लॉकवाल्यांना काय कळणार, ही गाडी तुमच्यासारख्याच्याच हातात जायला हवी, वगैरे. पाच हजार डॉलर टोकन त्याच दिवशी गेलं.

आता ज्या क्षणाने माझी झोप उडवलीय तो. इंजिनाचा ब्लॉक, म्हणजे मुख्य सांगाडा, ओतताना त्यावर कास्टिंगचा नंबर आणि तारीख उमटते; मी त्यांचे फोटो मागितले. त्याने ड्रायव्हरच्या बाजूचा, मागच्या फ्लँजवरचा (कडेवरचा) नंबर लख्ख पाठवला: ३९५६६१८. बरोबर नंबर. (पण याच नंबरचे ब्लॉक ३५० घनइंचाच्या इंजिनाला सुद्धा जायचे, हे ध्यानात ठेवा.) पॅसेंजरच्या बाजूच्या फ्लँजवर कास्टिंगची तारीख असते, तिचा फोटो मात्र आला नाही. ‘फायरवॉलमुळे (इंजिनामागची पत्र्याची भिंत) कॅमेरा आत जात नाही.’ अरे, एका बाजूला जातो आणि दुसऱ्या बाजूला जात नाही? फायरवॉल दोन्हीकडे सारखीच आहे! ते वाक्य आजही कानात वाजतं. पण त्याने लगेच ट्रिम टॅगचा, म्हणजे बॉडीच्या कोडच्या पाटीचा, फोटो पाठवला, त्यावर झेड/२८ चा कोड एक्स३३. मग प्रोटेक्ट-ओ-प्लेट (वॉरंटीची धातूची पट्टी), तिच्यावर इंजिनाच्या जोडणीचा नंबर. इंजिनाच्या पुढच्या पॅडवर, म्हणजे तो नंबर ठोकायच्या सपाट जागेवर, तोच व्ही०४०२डीझेड: फ्लिंटचा कारखाना, जोडणी २ एप्रिल, झेड/२८ चं इंजिन. चारही पुरावे एकमेकांशी जुळत होते. मी तपासणीवालाही लावला होता, आंधळेपणाने घेतली नाही. त्याने ब्रेक, गळती, गंज पाहिला आणि ‘उत्तम’ लिहून दिलं. उरलेले ६७,५०० मी त्या कागदाच्या भरवशावर पाठवले.

जाणकाराने आरसा आणि टॉर्च घेऊन मागे बघितलं. एफ १२ ९. १२ जून १९६९. ब्लॉक ओतला जूनमध्ये आणि इंजिन जोडलं एप्रिलमध्ये! मूल जन्मायच्या आधीच बारसं. मग पॅडवर बोट ठेवून त्याने दाखवलं. कारखान्यात पॅड तासताना (ब्रोचिंग) पडलेल्या बारीक समांतर रेघा असतात, त्या नव्हत्याच. पॅड घासून नवे आकडे ठोकलेले. टॅग नवा, प्लेट नवी. दोन्ही विकत मिळतात, उघडपणे.

पोलिसांकडे गेलो. गाडी मिळाली ना? टायटल (मालकीचा कागद) तुमच्या नावावर आहे ना? डॅशवरची व्हीआयएनची (गाडीच्या ओळख क्रमांकाची) पाटी खरी आहे ना? मग हा दिवाणी मामला. १९६९ च्या कॅमारोचा व्हीआयएन इंजिनाबद्दल फक्त व्ही-८ आहे एवढंच सांगतो, झेड/२८ आहे की नाही हे सांगतच नाही, हे मी तीनदा समजावलं. टॅग म्हणजे व्हीआयएन नव्हे, म्हणून तो बनावट असला तरी त्यांना देणंघेणं नाही. ग्राहक तक्रार विभागाने सात आठवड्यांनी छापील पत्र पाठवलं. विक्रेता दुसऱ्या राज्यातला म्हणून तिथे लिहा. तिथे लिहिलं, तर ग्राहक तुमच्या राज्यातला. ऑनलाइन पोर्टलवर नुसता पोचक्रमांक. वकील म्हणतो आधी ७,५०० ठेवा. आणि एका अधिकाऱ्याने तर तोंडावर सांगितलं, पट्टे तेच, आवाज तोच, गाडी चालतेय, हा तुमच्या आवडीचा प्रश्न आहे. ३१,५०० डॉलरचा फरक हा आवडीचा प्रश्न? रेस्टोमॉडवाल्या मित्रालाही यात फसवणूक दिसत नाही, कारण त्याला ब्लॉक कुठला याच्याशी कर्तव्य नाही. त्याचं त्याच्यापाशी. मी पैसे मोजले ते त्या ब्लॉकसाठी. विकणाऱ्याला हा फरक पक्का माहीत होता, म्हणूनच त्याने आधी आवड विचारली.

बिल ऑफ सेलवर फक्त ‘१९६९ शेव्हरोले कॅमारो, ॲज इज’ (आहे तशी). झेड/२८ हा शब्दच नाही, आणि जाहिरात दुसऱ्या दिवशी गायब. स्क्रीनशॉट ठेवा. ‘मूळ झेड/२८’ असं बिलावर लिहून सही घ्या, लिहीत नसेल तर उठून या. ई-टाइपला जॅग्वारच्या हेरिटेज ट्रस्टचं प्रमाणपत्र मिळतं, पॉन्टिअक जीटीओला पीएचएसचे (पॉन्टिअक हिस्टॉरिक सर्व्हिसेस) कागद, १९६७ पासूनच्या फोर्ड मस्टँगला मार्टी रिपोर्ट. अमेरिकेत विकलेल्या कॅमारोला कारखान्याची अशी नोंद मिळत नाही, ठगांना हे तोंडपाठ आहे. कॅनडात विकलेली असेल तर जनरल मोटर्स कॅनडाकडे विचारा. काउलखाली (पुढच्या काचेखालच्या पत्र्याखाली) लपलेला व्हीआयएन बघा. आणि तपासणीवाला कॅमारोतलाच हवा, नुसता मेकॅनिक नको.

तो माणूस सध्या १९७० ची शेव्हेल एसएस ४५४ ही बिग-ब्लॉक गाडी विकतोय. व्हीआयएन १३६३७ ने सुरू होतो, म्हणजे व्ही-८ मालिबू कूप, बाकी काहीही सिद्ध होत नाही. बिग-ब्लॉकची आवड असलेल्या कोणाला त्याचा फोन आला, तर आधी कास्टिंगच्या तारखेचा फोटो मागा. कॅमेरा आत जात नाही म्हणाला, तर तिथेच फोन ठेवा.