उद्यमनगरातून करून घेतलेला स्टीलचा दाबसाचा: नाताळच्या पोर्क रोलसाठी

डेन्मार्कमध्ये नाताळच्या जेवणाच्या आरंभी थंड पदार्थांसोबत जो 'रुलेपोल्से' नावाचा पोर्क रोल वाढला जातो, तो आमच्या घरी गेली काही वर्षे नाताळच्या फराळाच्या ताटात करंजी-चकलीच्या शेजारी असतो. त्याच्यासाठी मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील एका लहान वर्कशॉपमधून स्टेनलेस स्टीलचा दाबसाचा करून घेतला. दोन नाताळ आणि एक ईस्टर असा तीन वेळा तो वापरल्यानंतर त्याविषयी सविस्तर लिहावे असे वाटले, कारण हा पदार्थ घरी करू पाहणाऱ्यांची फसगत बहुधा मसाल्यात होत नाही, ती दाबण्यात होते.

साचा अगदी साधा आहे. 304 प्रतीच्या पत्र्याच्या, 30 बाय 16 सेंटिमीटर मापाच्या आणि 4 मिलिमीटर जाडीच्या दोन पट्ट्या, खालच्या पट्टीच्या चार कोपऱ्यांना वेल्डिंग केलेले आटे पाडलेले चार दांडे, आणि वरची पट्टी खाली ओढणारे चार पाकळीचे नट. डेन्मार्कमधील घरांत याच कामासाठी पूर्वापार लाकडी दाबयंत्रे वापरली जातात. लाकूड धुऊन पूर्ण वाळवणे आपल्या पावसाळ्यात कठीण आणि साधे लोखंड मिठाच्या पाण्याने गंजणार, म्हणून मी स्टीलचा आग्रह धरला. मजुरीसह 2,200 रुपये पडले. कडा घासून गुळगुळीत केल्या होत्या, बफिंग चांगले होते आणि वेल्डिंगच्या जागी काळेपणा राहिलेला नव्हता, जे खाण्याच्या वस्तूसाठी मला महत्त्वाचे वाटते.

त्याआधीच्या वर्षी मी गरम रोल दोन ताटांच्या मध्ये ठेवून वर पाटा ठेवला होता. पाटा जड असला तरी गोल रोलवर तो समतोल राहिला नाही, एका अंगाला कलला, आणि सकाळी रोलचे एक टोक चपटे व दुसरे सैल निघाले. सैल टोकाचे काप सुरी लागताच उलगडत होते. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. मांस मंद आचेवर दीर्घकाळ शिजले की त्यातील चिवट तंतूंमधला कोलॅजेन विरघळून त्याचे जिलेटिन होते, आणि थंड होताना हेच जिलेटिन थरांना एकमेकांशी चिकटवते. त्या काळात थर दाबलेले नसले तर मध्ये हवेच्या पोकळ्या राहतात. साच्यात चारही नट सारखे आवळता येत असल्याने दाब सगळीकडे पोहोचतो, आणि रोल जसजसा आकसतो तसतसा अर्धा-अर्धा फेरा देऊन तो कायम ठेवता येतो. थंड झालेल्या रोलचे 3 ते 4 मिलिमीटरचे पातळ काप अखंड निघाले, तेव्हा साच्याचे पैसे वसूल झाले असे मला मनापासून वाटले.

आता त्यातील उणिवा. पहिली आणि सर्वांत त्रासदायक म्हणजे स्टीलच्या दांड्यावर स्टीलचाच नट जोर लावून फिरवला की आटे एकमेकांना धरतात. पहिल्याच वेळी एक नट असा अडकला की पक्कड लावूनही हलेना. त्याच वर्कशॉपने विनातक्रार पितळी नट बसवून दिले आणि ती अडचण पुन्हा आली नाही. दुसरी चूक मापाची होती आणि ती माझीच. 25 सेंटिमीटर उंचीचे दांडे फ्रिजच्या कप्प्यात मावेनात, म्हणून ते नंतर 18 सेंटिमीटरवर कापून घ्यावे लागले. तिसरी उणीव अजून तशीच आहे. खालच्या पट्टीला कड नसल्यामुळे दाबलेला रस आणि चरबी बाहेर ओघळते, त्यामुळे साचा नेहमी परातीत ठेवावा लागतो.

कृतीबद्दल साच्याच्या अनुषंगाने थोडे सांगतो. खाटकाकडून पोटाकडचा बिनहाडाचा, चौकोनी आणि शक्यतो एकसारख्या जाडीचा तुकडा घ्यावा. मी 2 किलोचा घेतो, कातडी काढून घेतो आणि ती शिजवण्याच्या पाण्यात टाकतो. किलोला 20 ग्रॅम मीठ, भरडलेली मिरी, बारीक चिरलेला कांदा आणि ऑलस्पाइस (मिरीसारख्या दिसणाऱ्या सुगंधी दाण्यांचा मसाला) पसरून, अळूवडीचे उंडे जसे घट्ट वळतो तसा तो वळून सुती दोऱ्याने दोन-दोन बोटांच्या अंतरावर बांधावा आणि दोन दिवस फ्रिजमध्ये मुरवावा. ऑलस्पाइस मागितल्यावर मसाल्याच्या दुकानात पुष्कळदा कबाबचिनी पुढे केली जाते. तिच्या दाण्याला शेपटीसारखा देठ असतो, ऑलस्पाइसच्या दाण्याला नसतो, आणि दोघांची चव अगदी वेगळी आहे. मूळ कृतीतील पार्सली न मिळाल्याने मी कोथिंबीर वापरून पाहिली, परंतु तिचा वास मांसावर चढतो. त्यापेक्षा काही न घातलेले बरे. मांस गुलाबी राहावे म्हणून पूर्वी सोरा (पोटॅशियम नायट्रेट) घालत, पण घरी तो अंदाजाने घालणे धोक्याचे आहे. माझा रोल राखाडीसर दिसतो आणि तो तसाच असू द्यावा असे माझे मत आहे.

शिजवण्यात मात्र कोणतीही तडजोड नको. डुकराच्या मांसातून पट्टकृमीचा संसर्ग होऊ शकतो, आणि वळलेल्या तुकड्याच्या मध्यभागी उष्णता सर्वांत शेवटी पोहोचते. म्हणून मी पाणी उकळू न देता सुमारे दोन तास मंद आचेवर ठेवतो आणि थर्मामीटरची सुई मध्यात खुपसून 80 अंश सेल्सिअस दिसल्याशिवाय रोल बाहेर काढत नाही. मग तो गरम असतानाच साच्यात घालतो, तासाभराच्या आत साच्यासकट फ्रिजमध्ये ठेवतो आणि रात्रभर हात लावत नाही. डेन्मार्कमध्ये हे काप 'राय' नावाच्या धान्याच्या काळ्या पावावर कच्च्या कांद्याबरोबर खातात. आमच्याकडे ते तव्यावर भाजलेल्या पावावर, कांदा आणि वाटलेल्या मोहरीसह वाढले जातात.

कोणी असा साचा करून घेणार असेल तर वर्कशॉपला फ्रिजच्या कप्प्याची उंची आधी मोजून द्यावी, नट पितळी मागावेत आणि खालच्या पट्टीला बोटभर उंचीची कड वळवून घ्यावी. माझ्या साच्याला ती कड बसवण्याचे काम येत्या नाताळाआधी मी त्याच वर्कशॉपकडे देणार आहे.