वाड्यातलं म्हणून घेतलेलं कपाट

आमचा सदाशिव पेठेतला वाडा 2009 मध्ये बिल्डरकडे गेला. सामान हलवायला आठ दिवस होते. नव्या फ्लॅटची मापं हातात होती आणि आजीचं चार खणांचं सागवानी कपाट त्यात कुठेच बसत नव्हतं. जुन्या सामानाच्या व्यापाऱ्याने ते कपाट, दोन पाट आणि झोपाळ्याच्या पितळी कड्या असं सगळं मिळून साडेचार हजारांना नेलं. टेम्पोत चढवताना वरचा खण उघडला आणि आतून कापराचा आणि सुपारीचा वास आला. तो वास मला कित्येक वर्षं छळत होता. पुढे जे घडलं त्याचं मूळ तिथे आहे, म्हणून आधी हे सांगितलं.

2023 मध्ये आम्ही घराचं काम काढलं. मनात चित्र स्पष्ट होतं. सोफा आजच्या पद्धतीचा, सरळ रेषांचा. खुर्च्या सासऱ्यांच्या, साठच्या दशकातल्या, वेताने विणलेल्या. आणि भिंतीशी एकच खरी जुनी वस्तू, भोवती मोकळी जागा ठेवून. ही कल्पना मला आजही बरोबर वाटते. तिन्ही काळांच्या वस्तू एका खोलीत छान नांदतात, फक्त गर्दी करू नये. मी फसले ते त्या एका वस्तूच्या पारखीत.

शहराबाहेर हमरस्त्यालगत एक गोडाऊन होतं. मालकाने फोनवर आधीच फोटो पाठवला होता, खाली लिहिलं होतं, ‘बर्मा सागवान, 100 वर्षे जुने’. प्रत्यक्षात कपाट बघितलं आणि मी हललेच. चार खण, पितळी मुठी, कडा गुळगुळीत झालेल्या.

“ताई, नाशिककडच्या वाड्यातून उतरवलंय,” तो म्हणाला. “म्हातारीची लुगडी असायची यात. मुलं परदेशात, कोण सांभाळणार?” मग खण ओढून आतली बारीक भोकं दाखवली. “ही बघा वयाची खूण. नव्या मालाला अशी भोकं कुठून येणार?”

मी वाड्याबद्दल चार प्रश्न विचारले. लाकडाबद्दल एकही नाही. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते त्याला दिसलं होतं.

किंमत 68,000. वीस हजार तिथेच दिले, उरलेले कपाट घरी आल्यावर. पावतीवर त्याने लिहिलं, ‘लाकडी कपाट, 1 नग’. “सागवान लिहा ना,” मी म्हटलं, तर म्हणाला, “ताई, तसं लिहिलं की जीएसटीची भानगड, बोजा तुमच्यावरच येणार. विश्वास ठेवा.” ही वेळ तिथूनच माघारी फिरण्याची होती. कृपा करून तुम्ही अशा वेळी माघारी फिरा.

पावसाळा सुरू झाला तसा खालचा खण अडकायला लागला. मग रोज सकाळी फरशीवर पिठासारखी पिवळसर भुकटी दिसायची. मी पुसायचे, दुसऱ्या दिवशी परत. ऑगस्टमध्ये शेजारच्या बांबूच्या मांडणीखालीही तशीच भुकटी दिसली, तेव्हा घाबरून आमच्या सुतारमामांना बोलावलं.

मामांनी कपाटाकडे समोरून बघितलंही नाही. सगळ्यात खालचा खण पूर्ण बाहेर काढला, उलटा करून मांडीवर घेतला आणि तळावर बोटं फिरवली. “ताई, हात लावा.” तळ काचेसारखा सपाट होता. हाताने रंधलेल्या फळीवर बोटांना बारीक लाटा लागतात, अगदी हलक्या, डोळ्यांना दिसत नाहीत अशा. मामांनी कडेला नख रोवलं तर काळा रंग निघाला आणि खाली प्लायचे थर दिसले. मुद्दाम काळं केलेलं प्लाय.

मग त्यांनी पितळी मूठ काढली. शंभर वर्षं एकाच जागी बसलेल्या मुठीखाली तिची सावली उमटलेली असते. झाकलेल्या लाकडाचा रंग वेगळा, कडेला हाताच्या मळाची आणि पितळ पुसल्याची रेघ. इथे मुठीखाली आणि बाहेर एकच रंग होता. स्क्रूच्या डोक्यावर फुलीची चीर होती. ते स्क्रू 1930 च्या दशकात आले. सांध्यातून पांढरा गोंद ओघळून सुकला होता. जुने कारागीर सरस, म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांचा गोंद वापरत, तो पिवळट-तपकिरी दिसतो आणि टोकरला की कचकन तुटतो. फेव्हिकॉल बाजारात आला 1959 साली. अर्थात खऱ्या जुन्या वस्तूचीही कधीतरी दुरुस्ती झालेली असते, म्हणून एखाद्या नव्या स्क्रूवरून निकाल द्यायचा नाही, असं मामांनीच बजावलं. पण इथे प्रत्येक सांधा तसाच होता.

आणि ती भोकं. साग टिकतो तो त्याच्या गाभ्याला सहसा कीड लागत नाही म्हणून. हे आंब्याचं लाकूड होतं, साग दिसावं म्हणून रंगवलेलं, आणि त्यात कीड जिवंत होती. वयाची खूण म्हणून मला जे दाखवलं, तेच माझं घर पोखरत होतं. बांबूची मांडणी टाकून द्यावी लागली.

गुळगुळीत कडांचंही तसंच. झीज तिथेच होते जिथे हात, पाय, झाडू लागतो. या कपाटाची मागची कडही पुढच्याइतकीच झिजलेली होती, आणि मागे तर शंभर वर्षं भिंत असणार! गोल मेज घेत असाल तर टेप आडवी आणि उभी दोन्हीकडून लावा. अखंड फळ्यांचं लाकूड वर्षानुवर्षं रेषांच्या आडव्या दिशेने आकसतं, त्यामुळे खूप जुनं मेज बहुतेकदा तंतोतंत गोल उरत नाही.

असे प्रकार वाड्यांच्याच नावावर चालतात असं नाही. वास्तुकार पिएर जानरे यांनी चंदीगडच्या सरकारी इमारतींसाठी पन्नासच्या दशकात आखलेल्या सागवानी-वेताच्या खुर्च्यांना परदेशी लिलावांत मोठ्या किमती मिळू लागल्या, तशा सरकारी नंबर रंगवलेल्या नकली खुर्च्याही निघाल्या. नक्कल म्हणून नक्कल विकत घ्यायला काहीच हरकत नाही, सुंदर असतात त्या. पण किंमत नकलेची द्यावी.

‘अँटिक’ हा शब्द दुकानदार चाळीस वर्षांच्या वस्तूलाही लावतात. आपल्या 1972 च्या कायद्यात पुरावस्तू धरायला वस्तू किमान 100 वर्षं जुनी लागते. म्हणून बिलावर लाकूड कोणतं, काळ अंदाजे कोणता आणि दुरुस्ती काय झाली हे लिहून घ्या. लिहायला तयार नसेल तर तोंडी शब्दाला काही किंमत नाही.

माझ्याकडे पावती निकामी होती, पण फोटोखालचा तो मेसेज होता. तो पुसला नव्हता म्हणून निभावलं. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, मग वकिलाकरवी नोटीस पाठवली. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नसते, हे नोटिशीत लिहिल्यावर तो बोलायला आला. कपाट घेऊन गेला आणि 25,000 परत केले. 43,000 गेले. आयोगापर्यंत जायला हवं होतं असं आता वाटतं, पण घरात आजारपण चालू होतं आणि मी तिथे थांबले. जाताना मी त्याला विचारलं, हे आता कुणाला विकणार? त्याने उत्तर दिलं नाही. हे लिहायला बसले त्याला तेही एक कारण आहे.

भिंतीशी जागा बरेच महिने रिकामी होती. मग मामांनी लाकडाच्या वखारीतून पाडलेल्या वाड्याच्या तुळया आणल्या आणि त्यांचं साधं, दोन खणांचं टेबल केलं. रंधा मारताना सागाचा तेलकट, चामड्यासारखा वास जिनाभर पसरला होता. खिळ्यांची भोकं त्यांनी बुजवली नाहीत, मला विचारून. बिल मी डाव्या खणात ठेवलंय. त्यावर त्यांच्या हातचं अक्षर आहे: ‘जुन्या तुळईचा साग. पाय आणि खण मिळून सर्व काम नवीन. 2024.’