हजार येनच्या दारासाठी पावणेचार लाख

इचलकरंजीत आमचे २४ यंत्रमाग आहेत, साधेच. ट्रेडिंगवाला बीम (ताणा गुंडाळलेला रूळ) देणार, सूत देणार, आम्ही खर्चीनं म्हणजे मजुरीवर विणून द्यायचं आणि पिकाच्या, म्हणजे आडव्या धाग्यांच्या, हिशोबानं पैसे घ्यायचे. गेली पाच-सात वर्षं घरात एकच चर्चा चालू आहे. कर्ज काढून एअरजेट, म्हणजे हवेच्या झोतानं विणणारे नवे माग, घालायचे, की माग भंगारात काढून शेड भाड्यानं द्यायची? पुढं जे घडलं ते याच दुखण्यावर बोट ठेवून घडलं, म्हणून हे आधी सांगितलं.

२०२४ च्या गणपतीनंतर एका हॉटेलात उद्योजकांची सभा झाली. चहा-पोहे झाले, दिवे मालवले आणि पडद्यावर जपान. नऊ दिवस, सहा नामांकित कंपन्यांना भेटी, कारखाना आतून, जपानी उद्योजकांबरोबर बैठका, बुलेट ट्रेन, फुजी पर्वत, क्योतो. बोलणारा गृहस्थ पन्नाशीचा, गोड जिभेचा. प्रत्येकाला साहेब म्हणायचा, आईची तब्येत विचारायचा. आधीच्या दौऱ्याला जाऊन आलेले दोघे उठून बोलले. त्या दोघांना माणसं आणण्याबद्दल सवलत मिळत होती, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

मी पडद्यावर बघत होतो ते कंपन्यांचे लोगो. त्यात एअरजेट माग बनवणारी नावं होती आणि माझी विकेट तिथंच पडली.

दौऱ्याचे ३,४०,००० रुपये. त्यावर जीएसटी १७,०००, टीसीएस (आयोजकानं आपल्या नावावर भरायचा आगाऊ आयकर) १७,८५०. व्हिसाचे वेगळे ९,५००. जपानच्या व्हिसाची फी भारतीयांना तेव्हा काही शेकड्यांत पडायची, त्यावर व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क धरा. पण इतक्या मोठ्या रकमेत साडेनऊ हजारांचा हिशोब विचारायला लाज वाटते. निम्मे पैसे फर्मच्या खात्यात आणि निम्मे एका व्यक्तीच्या खात्यात भरायला सांगितले. "परकीय चलनाचं तेवढं सोपं जातं साहेब." मी भरले. रोज ट्रेडिंगवाल्याशी पै-पैवरून भांडणारा माणूस मी.

व्हिसा हातात आला तो पर्यटनाचा. कंपनीच्या कामासाठी व्यावसायिक व्हिसा काढायचा तर जपानमधल्या कंपनीचं निमंत्रणपत्र लागतं, बोलावणाऱ्याचं नाव-गाव लागतं. मी विचारलं तसं. उत्तर आलं, "उगाच कागद वाढतात, सगळे असेच जातात." खरं तर तिथंच सगळं उघड झालं होतं. आम्हाला तिकडे कुणी बोलावलेलंच नव्हतं.

आम्ही २२ जण होतो. शिरोलीचे दोन फाउंड्रीवाले, तासगावचा बेदाण्याचा व्यापारी, सांगलीचा हळदीचा, एक गूळवाले, एक दवाखान्याच्या फर्निचरचे, बाकी आम्ही मागवाले. या सगळ्यांना एकाच वेळी उपयोगी पडेल असा कारखाना जगात कुठं आहे, हा प्रश्न विमानात बसेपर्यंत एकालाही पडला नाही.

टोकियोत पहिले दोन दिवस देवळं, बाजार, टॉवर. तक्रार नाही. बुलेट ट्रेन म्हणजे टोकियो ते ओदावारा, सगळ्या स्टेशनांवर थांबणाऱ्या कोदामा गाडीनं, पस्तीसेक मिनिटं. डबे उघडून चकल्या काढेपर्यंत उतरायचं आलं. पुढचा सगळा प्रवास बसनं. कावागुची तळ्यावर फुजी ढगात होता. त्यात आयोजकाचा दोष नाही. पण तिथंच, तिसऱ्या दिवशी, एकाही कंपनीचं तोंड बघायच्या आधी, त्यानं मोबाइल काढून प्रत्येकाकडून दौऱ्याबद्दल दोन शब्द बोलून घेतले. हवा छान होती, पोट भरलेलं होतं. मीही बोललो, "जीवन बदलून टाकणारा अनुभव."

मग नागोया. एका लाल विटांच्या जुन्या गिरणीसमोर बस थांबली. टोयोटाचं औद्योगिक स्मृती संग्रहालय, १९९४ साली उघडलेलं. आत गेलो आणि मी हरखलो हे कबूल करतो. टोयोटाचे मूळपुरुष साकिची टोयोडा यांचा १९२४ चा जी टाइप माग तिथं आहे. कांडीवरचं सूत संपलं की माग न थांबवता धोटा (आडवा धागा नेणारा) आपोआप बदलतो, धागा तुटला की माग आपोआप थांबतो. तिथली माणसं जुनी यंत्रं चालवून दाखवतात. इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सनं १९२९ मध्ये या मागाच्या पेटंटचे हक्क विकत घेतले आणि साकिचींचा मुलगा किइचिरो मोटारींकडे वळला. आमच्या गावात विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला तो १९०४ साली, म्हणजे या मागाच्या वीस वर्षं आधी. तो खडखडाट ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वडील आठवले. मागापुढं उभा राहून हसत फोटो काढला आणि व्हॉट्सॲपला स्टेटस ठेवलं, "टोयोटा भेट, जपान".

बाहेर पडताना तिकीट खिडकीकडे लक्ष गेलं. शाळेची पोरं रांगेत होती, एक म्हातारं जोडपं होतं. फलकावर लिहिलं होतं, मोठ्यांना १००० येन. तेव्हाच्या दरानं साडेपाचशे रुपये. माझ्या खिशातही तेच तिकीट होतं. कार्यक्रमपत्रिकेत ही होती "कंपनी भेट क्रमांक १".

दुसरी भेट टोयोटा शहरातलं प्रदर्शन दालन, प्रवेश फुकट. कारखाना बघायचा तर आधी नोंदणी लागते, तीही फुकट, कुणीही करू शकतं. स्वागतकक्षातल्या मुलीनं यादी बघून फार अदबीनं सांगितलं, की आमच्या नावानं नोंदणी नाही. शिवाय तो दिवस शनिवार. सुट्टीच्या दिवशी असेंब्ली लाइन कोण चालवणार होतं? तिसरी भेट ओसाकाजवळ कादोमाला, पॅनासॉनिकचं संग्रहालय. तेही फुकट. चौथी इकेदाचं इन्स्टंट नूडल्सचं संग्रहालय. मोमोफुकु आंदोंनी १९५८ साली घरामागच्या ज्या झोपडीत पहिले नूडल्स तळले, तिची प्रतिकृती तिथं आहे. तासगावकर तिथं अगदी खूश होते. प्रवेश अर्थातच फुकट. पाचवी "हेल्थ-टेक कंपनी". तिथं दार लावून दीड तास गाद्या आणि गोळ्यांची विक्री झाली. आमच्यातल्या तिघांनी मिळून लाखभराची खरेदी केली, त्यात आयोजकाचा वाटा किती ते देवाला ठाऊक.

सहावी म्हणजे जपानी उद्योजकांशी बैठक. ती हॉटेलच्याच खोलीत झाली. दोन सुटातले गृहस्थ आले, कमरेत वाकले, दोन्ही हातांनी कार्डं दिली. इंग्रजी बाजूला "संचालक, व्यवसाय विकास". रात्री फाउंड्रीवाल्यांनी कार्डाच्या जपानी बाजूवर मोबाइलचा कॅमेरा धरून भाषांतर केलं. निघालं, "अनुवाद व मार्गदर्शक सेवा".

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या टेबलावर फाउंड्रीवाल्यांनीच विषय काढला. आयोजक जराही डगमगला नाही. कंपन्यांनी गोपनीयतेमुळं ऐन वेळी नकार दिला म्हणे. मग नकाराचा मेल दाखवा. तो म्हणे मुंबईच्या ऑफिसात आहे. आवाज चढायला लागले तसे आमच्यातलेच चार जण म्हणाले, जाऊ दे ना, परदेशात आलोय, मजा करू. रात्री प्रमाणपत्रं वाटली, सोनेरी किनारीची. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

पैसे घेऊन पळाला असता तर सोपं होतं. यानं विमानात बसवलं, जेवू घातलं, फिरवलं. जे दार साडेपाचशे रुपयांत किंवा फुकट कुणालाही उघडतं, ते खास तुमच्यासाठी उघडून घेतलंय असं सांगून लाखांत विकलं. हे पोलिसांना समजावून सांगताना माझी जीभ अडखळली. "म्हणजे जपानला नेलं नाही का?" नेलं की.

घरी आल्यावर कागद काढले. पावतीवर सहलीचा उल्लेखच नाही, "सेमिनार व मार्गदर्शन फी" लिहिलंय. पुढच्या जुलैत रिटर्न भरताना सीएनं आयकर खात्याचं २६एएस, म्हणजे आपल्या नावावर जमा झालेल्या कराचा उतारा, उघडलं, तर १७,८५० टीसीएसची नोंदच नाही. भरला असता तर आयकरातून वळता झाला असता. पावतीवरचा जीएसटी क्रमांक पोर्टलवर टाकला, तर नोंदणी रद्द. हे पैसे भरायच्या आधी घरबसल्या दोन मिनिटांत बघता आलं असतं.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन केला, मग जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी नाही आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात दाखल करता येते. समोरच्या वकिलानं पहिला मुद्दा काय काढावा? हा दौरा व्यावसायिक होता, सबब तक्रारदार ग्राहकच नाही. कायद्यात व्यापारी हेतूनं घेतलेली सेवा वगळली आहे हे खरं. पण स्वतःच्या रोजगारातून पोट भरणाऱ्याला त्यात सूट आहे, आणि २४ मागांवर माझं पोटच चालतं, असं आमचं म्हणणं. तारखा चालू आहेत. २२ पैकी तिघांनीच सह्या केल्या. बाकीच्यांनी प्रमाणपत्रं फ्रेम करून ऑफिसात लावली आहेत. एकानं तर सांगितलं, "गावात हसं होईल हो."

आता कुणी अशा दौऱ्याचं विचारलं, की मी कंपनीचं निमंत्रणपत्र मागायला सांगतो, सही करणाऱ्याच्या नावासकट. मग कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरचा पत्ता शोधून आपणच एक मेल टाकायचा, "आम्ही अमुक तारखेला येतोय, बरोबर ना?" आयोजकानं दिलेल्या पत्त्यावर टाकू नका. आणि कॅलेंडरात वार बघा.

मागच्या महिन्यात आमच्या गल्लीतल्या सायझिंगवाल्यांच्या (सुताला खळ लावून देणाऱ्यांच्या) मुलाचा फोन आला. आयोजक तोच, फर्मचं नाव नवं. त्यानं एक लाख टोकन भरलं होतं. सभेत पडद्यावर माझा व्हिडिओ दाखवला म्हणाला, आणि मागापुढचा फोटोही. मी त्याला सगळं सांगितलं, तिकिटाचा फोटो पाठवला. १००० येन स्पष्ट वाचता येतं.

बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "पण काका, फोटोत तुम्ही खरंच खूश दिसताय."