ड्रॅक्युलाच्या नावाने रोमानिया : पुण्याहून केलेल्या नऊ दिवसांच्या सहलीविषयी

पुण्यातून युरोपला जाणाऱ्या बहुतेक सहली ठरलेल्या वाटेने जातात. ड्रॅक्युलाची दंतकथा आणि तिच्यामागचा खरा इतिहास असा विषय घेऊन केवळ रोमानियाची सहल काढणारी एक कंपनी एरंडवण्यात आहे हे कळले, तेव्हा इतिहास शिकवण्यात तीस वर्षे घालवलेल्या मला आणि भयकथांवर मनापासून प्रेम करणाऱ्या माझ्या धाकट्या बहिणीला ही सहल एकाच वेळी आवडेल, असा विचार करून आम्ही दोघींनी नावे नोंदवली. गेल्या मे महिन्यात आम्ही जाऊन आलो. जाणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून हा अभिप्राय सविस्तर लिहीत आहे.

व्यवस्थेबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही, कारण ती चांगली होती. आम्ही बावीस जण होतो. व्हिसाची कागदपत्रे कंपनीने नीट तपासून घेतली. १ जानेवारी २०२५ पासून रोमानिया शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, पूर्णपणे सामील झाल्यामुळे शेंगेन व्हिसा पुरतो. हॉटेले स्वच्छ होती, बस वेळेवर सुटत असे आणि आमच्याबरोबर आलेल्या सहलप्रमुख ताईंनी वयस्कर मंडळींची फार आस्थेने काळजी घेतली. स्थानिक मार्गदर्शक पन्नाशीचे रोमानियन गृहस्थ होते. ते इंग्रजीत बोलत आणि ताई ते मराठीत सांगत. या सहलीत जे काही मोलाचे मिळाले, ते मुख्यतः या दोघांमुळे मिळाले.

या सहलीत प्रत्यक्षात दोन वेगवेगळे इतिहास आहेत, हे आधी सांगायला हवे. एक पंधराव्या शतकातील वालाकियाचा, म्हणजे आजच्या दक्षिण रोमानियाचा, राजा तिसरा व्लाद ऊर्फ ड्रॅक्युला याचा आणि दुसरा मेलेला माणूस थडग्यातून उठून जिवंतांना छळतो या खेड्यापाड्यांतील समजुतीचा. व्लादच्या हयातीत त्याला रक्त पिणारे प्रेत कोणी म्हटले नव्हते. हे दोन धागे १८९७ मध्ये ब्रॅम स्टोकर या आयरिश लेखकाच्या ‘ड्रॅक्युला’ या कादंबरीत एकत्र आले. स्टोकर रोमानियाला कधीही गेलेला नव्हता. १८९० मध्ये इंग्लंडमधील व्हिटबी येथील वाचनालयात वालाकियाविषयीचे एक जुने पुस्तक वाचताना त्याला ‘ड्रॅक्युला’ हे नाव सापडले. वालाकियाच्या भाषेत त्याचा अर्थ सैतान असा होतो, एवढी टीप त्याने उतरून घेतली आणि आधी ‘वाम्पिर’ असे ठरवलेले खलनायकाचे नाव बदलले. कंपनीच्या माहितीपत्रकात हे दोन इतिहास एकमेकांत मिसळून टाकलेले आहेत. मार्गदर्शकांनी मात्र ते पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवले.

सुरुवात बुखारेस्टच्या जुन्या राजवाड्याच्या अवशेषांपासून होते. तेथे व्लादचा अर्धपुतळा आहे. या शहराचा पहिला लेखी उल्लेख २० सप्टेंबर १४५९ च्या एका दस्तऐवजात येतो आणि तो दस्तऐवज व्लादनेच काढलेला आहे. ज्याला जग राक्षस म्हणून ओळखते, त्याच्याच कागदावर देशाच्या राजधानीचे नाव प्रथम लिहिले गेले, या माहितीने आमच्या गटातील अनेक जण पहिल्यांदा सावरून ऐकू लागले. त्यानंतर स्नागोव सरोवरातील बेटावरचा मठ पाहिला. व्लादला येथे पुरले अशी परंपरा आहे. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला तेथे उत्खनन झाले, तेव्हा त्याची समजली जाणारी कबर उघडल्यावर जनावरांची हाडे सापडली. मठ लहान आणि शांत आहे. आमच्या गटाने आवाज न करता तो पाहिला, याचे मला समाधान वाटले.

सहलीतील सर्वांत महत्त्वाचे ठिकाण तर्गोविश्ते हे आहे आणि कंपनीने त्यासाठी जेमतेम पन्नास मिनिटे ठेवली होती. ही माझी मुख्य तक्रार आहे. तर्गोविश्ते ही वालाकियाची तेव्हाची राजधानी. राजवाड्याच्या पडक्या भिंती, तळघरे आणि व्लादने बांधलेला सत्तावीस मीटर उंचीचा किंदिया बुरूज आजही तेथे आहे. त्या बुरुजावर उभे राहिले की व्लादच्या आयुष्याचा नकाशा डोळ्यांसमोर उलगडतो. त्याचे वडील दुसरे व्लाद यांना १४३१ मध्ये न्यूरेम्बर्ग येथे हंगेरीचा राजा सिगिस्मंड याने ‘ड्रॅगन’ नावाच्या सरदारसंघात घेतले, म्हणून ते ‘द्राकुल’ झाले आणि त्यांचा मुलगा ‘द्राकुल्या’, म्हणजे द्राकुलचा पुत्र. हाच शब्द रोमानियन भाषेत सैतानासाठीही वापरला जातो आणि पुढचा सारा घोळ तेथूनच सुरू होतो. व्लाद आणि त्याचा धाकटा भाऊ राडू हे १४४२ पासून उस्मानी तुर्कांच्या सुलतानाकडे ओलीस होते. १४४७ मध्ये वडील आणि थोरला भाऊ दोघेही मारले गेले. व्लाद तीन वेळा गादीवर बसला, त्यांपैकी १४५६ ते १४६२ ही एकच कारकीर्द म्हणण्याजोगी आहे.

आपल्या लोकांचे मन या माणसाबद्दल कसे होते, हे मार्गदर्शकांनी लपवले नाही. रोमानियात आजही अनेकांना तो कठोर पण न्यायी राजा वाटतो. त्याच्या राज्यात विहिरीवर सोन्याचा पेला उघडा ठेवला तरी चोरीला जात नसे, ही गोष्ट तिकडे मुलांना सांगतात. परंतु मार्गदर्शकांनी लगेच दुसरी बाजूही मांडली. ११ फेब्रुवारी १४६२ रोजी हंगेरीचा राजा मात्याश याला लिहिलेल्या पत्रात व्लादने डॅन्यूबकाठच्या मोहिमेत मारलेल्यांची संख्या २३,८८४ अशी दिली आहे आणि त्यांत घरांसह जाळलेल्यांना धरलेले नाही, असेही नोंदवले आहे. त्याच वर्षी १७ जूनच्या रात्री त्याने सुलतान दुसऱ्या मेहमेदच्या छावणीवर छापा घातला. सुलतान वाचला, पण तर्गोविश्तेजवळ पोहोचल्यावर त्याच्या सैन्याला सुळावर दिलेल्या प्रेतांचे अक्षरशः रान दिसले. खाल्कोकोंडिलिस या ग्रीक इतिहासकाराने त्यांची संख्या वीस हजारांच्या घरात सांगितली आहे. संख्या अचूक असो वा नसो, पिशाच्चांच्या कोणत्याही गोष्टीपेक्षा हा प्रसंग भयंकर आहे आणि तो माणसाने घडवलेला आहे. ताईंनी हे मराठीत सांगितले तेव्हा बुरुजावर कोणी बोलेना. त्यानंतर दहाच मिनिटांत आम्हांला बसमध्ये बसावे लागले.

पोएनारीचा किल्ला आम्हांला खालूनच पाहावा लागला. आर्जेश नदीच्या खोऱ्यातील एका सुळक्यावरचा हा लहानसा किल्ला व्लादचा खराखुरा किल्ला आहे. वर जायला १,४८० पायऱ्या आहेत आणि दर रविवारी सिंहगड चढणारी आमच्यातील चार-पाच मंडळी त्यासाठीच आली होती. परंतु वर जाण्याची वाट बंद होती. निघण्यापूर्वी एक दूरध्वनी केला असता तर हे कळले असते. कंपनीने चूक मान्य केली, पण त्या दिवसाचे काही वेगळे नियोजन केलेले नव्हते. ज्यांना केवळ या किल्ल्यासाठी जायचे आहे, त्यांनी तो खुला आहे की नाही हे स्वतः विचारून घ्यावे.

सिगिश्वारा हे तटबंदीचे सुंदर जुने गाव १९९९ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. व्लादचे वडील १४३१ ते १४३५ या काळात ज्या पिवळसर घरात राहत होते असे मानतात, तेथे आता उपाहारगृह आहे. व्लादचा जन्म तेथेच झाला अशी परंपरा सांगतात. या गावाजवळच्या ओकच्या जुन्या रानात ड्रॅक्युलाचे करमणूक उद्यान उभारण्याची सरकारी योजना २००१ मध्ये जाहीर झाली होती. ती मोठ्या विरोधामुळे सोडून द्यावी लागली. हे ऐकून मला बरे वाटले.

तेथून उत्तरेला बिस्त्रित्सा आणि तिहुत्सा खिंड. येथे इतिहास संपतो आणि कादंबरी सुरू होते, कारण कादंबरीतला नायक याच वाटेने, ४ मे रोजी, म्हणजे सेंट जॉर्जच्या सणाच्या आदल्या दिवशी, खलनायक काउंट ड्रॅक्युलाच्या वाड्याकडे निघतो. या खिंडीत काउंटचा वाडा कधीच नव्हता. १९८३ मध्ये सुरू झालेले ‘कास्तेल ड्रॅक्युला’ हे हॉटेल मात्र आहे. आम्ही तेथे एक रात्र राहिलो. देवदारांची राने, धुके आणि मे महिन्यातही शिखरांवर राहिलेले बर्फ यांमुळे माझी बहीण इतकी आनंदली की तिच्या दृष्टीने सहलीचे पैसे तेथेच वसूल झाले. कल्पित गोष्टीला असे प्रत्यक्ष ठिकाण मिळणे यात मला काहीही गैर वाटत नाही, कारण ते कल्पित आहे हे तेथे स्पष्टपणे सांगितले जाते.

दुसरा इतिहास, म्हणजे थडग्यातून उठणाऱ्यांचा, आम्हांला खिंडीतून ब्राशोवला जाताना बसमध्ये ऐकायला मिळाला. तो कार्यक्रमपत्रिकेत नव्हता. आमच्यातील एका डॉक्टरांनी प्रश्न विचारला आणि मार्गदर्शक दीड तास बोलले. रोमानियन लोकसमजुतीत अशा जिवांना ‘स्त्रिगोय’ म्हणतात. ३० नोव्हेंबरच्या आदल्या रात्री, सेंट अँड्र्यूच्या सणाला, त्यांना दूर ठेवण्यासाठी दारे-खिडक्यांना लसूण चोळतात. आपल्याकडे मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढणाऱ्या घरांतल्या आम्हां बायकांना हे समजावून सांगावे लागले नाही. परंतु साऱ्या युरोपाला ‘व्हँपायर’ हा शब्द ठाऊक झाला तो सर्बियामुळे. ऑस्ट्रियाच्या ताब्यात गेलेल्या सर्बियन गावांमध्ये १७२५ मध्ये किसिल्येव्हो येथे आणि १७३२ मध्ये मेद्वेजा येथे सरकारी अधिकारी व लष्करी शल्यवैद्य यांच्यासमक्ष थडगी उघडण्यात आली. प्रेते ताजी दिसतात, तोंडाभोवती रक्त आहे, नखे वाढली आहेत, अशा नोंदी असलेला अहवाल वर्तमानपत्रांतून सर्वत्र पोहोचला.

आमच्या डॉक्टरांनी त्याचे कारण तेथेच उलगडून सांगितले. कुजताना तयार होणाऱ्या वायूंनी शरीर फुगते, म्हणून ते खाऊन-पिऊन पुष्ट झाल्यासारखे वाटते. तोच दाब काळसर द्रव नाकातोंडातून बाहेर ढकलतो. कातडी आक्रसते, म्हणून नखे आणि दाढी वाढल्याचा भास होतो. थंडीत ही सारी क्रिया मंदावते. एका घरात साथीने एकामागून एक माणसे दगावली, की पहिल्या मृतावर दोष येई. १७५५ मध्ये ऑस्ट्रियाची सम्राज्ञी मारिया थेरेसा हिने आपले वैद्य व्हान स्वीटन यांच्या अहवालावरून प्रेते उकरण्याच्या आणि जाळण्याच्या प्रथेला मनाई केली. भीतीच्या पोटी आपल्याच माणसांचे देह उकरणाऱ्या त्या गावकऱ्यांविषयी ऐकताना मला हसू आले नाही, फार वाईट वाटले. या सहलीतील तो दीड तास मला सर्वांत अधिक आवडला.

मग कोणीतरी विचारले, आपला वेताळ म्हणजे व्हँपायरच ना? रिचर्ड बर्टनने १८७० मध्ये विक्रम-वेताळाच्या कथा इंग्रजीत आणताना पुस्तकाच्या नावातच तो शब्द घातला, तेव्हापासून हा समज चालत आलेला आहे. परंतु वेताळ प्रेतात शिरतो, तो स्वतः कोणाचे प्रेत नव्हे. तो कोडी घालतो, आणि कोकणात तर तो गावाची राखण करणारा देव आहे. वेताळ टेकडीवर रोज फिरायला जाणाऱ्या पुणेकरांनी तरी ही गल्लत करू नये. मार्गदर्शकांनी हा फरक आपल्या वहीत टिपून घेतला.

ब्राशोवमध्ये दंतकथेचा उगम सापडतो. तेथील जर्मनवंशीय सॅक्सन व्यापाऱ्यांशी व्लादचे व्यापारी हक्कांवरून वैर होते आणि त्याने त्यांच्यातील अनेकांना ठार केले. १४६२ मध्ये मात्याशने व्लादला कैद केले, तेव्हा त्या कृतीचे समर्थन करणे त्याला भाग होते, कारण तुर्कांविरुद्धच्या मोहिमेसाठी पोपकडून आलेले पैसे त्याने घेतलेले होते. छपाईची कला तेव्हा नवी होती. व्लादच्या क्रौर्याच्या जर्मन पुस्तिका छापल्या गेल्या आणि १५०० मध्ये स्ट्रासबर्गला निघालेल्या पुस्तिकेवरचे, सुळावरच्या प्रेतांमध्ये बसून जेवणाऱ्या व्लादचे चित्र आजही सर्वत्र दिसते. खऱ्या क्रौर्यावर राजकारणाने कसा मुलामा चढवला, हे शिकवायचे तर यापेक्षा चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

यानंतर ब्रानला तीन तास देण्यात आले. माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर या किल्ल्याचे छायाचित्र आहे आणि खाली ‘ड्रॅक्युलाचा खरा किल्ला’ असे लिहिले आहे. हे विधान चुकीचे आहे. ब्रानचा उल्लेख १३७७ पासून मिळतो, तो ब्राशोवच्या सॅक्सनांनी व्यापारी घाटावर बांधला आणि तो व्लादचा कधीच नव्हता. १९२० मध्ये ब्राशोव शहराने तो रोमानियाची राणी मारी हिला भेट दिला. कम्युनिस्टांनी १९४८ मध्ये तिच्या मुलीकडून तो काढून घेतला आणि २००६ मध्ये तो वारसांना परत मिळाला. राणीने हौसेने सजवलेल्या त्या खोल्या पाहण्यासारख्या आहेत, पण आमच्या गटातील निम्मी माणसे प्रत्येक दालनात व्लादची खोली शोधत राहिली आणि राणी मारीकडे कोणाचे लक्ष गेले नाही.

शाकाहारी मंडळींसाठी एक उपयोगी गोष्ट. रोमानियन ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती उपवासाच्या काळात मांस, दूध आणि अंडी वर्ज्य करतात, त्यामुळे अनेक उपाहारगृहांत ‘दे पोस्त’, म्हणजे उपवासाचे, असे म्हटले की योग्य पदार्थ समोर येतात. मासे मात्र काही दिवस चालतात, म्हणून तेवढे विचारून घ्यावे. वांगी आणि ढोबळी मिरचीची ‘झाकुस्का’ भरताची आठवण करून देते आणि मक्याच्या पिठाची ‘मामालिगा’ आपल्या उकडीच्या जवळची आहे.

परत आल्यावर मी कंपनीला तीन पानी पत्र लिहिले. ब्रानमधील दीड तास तर्गोविश्तेला द्यावा, सर्बियातील प्रकरणांचे व्याख्यान कार्यक्रमपत्रिकेत रीतसर घालावे आणि मुखपृष्ठावरचे ते वाक्य काढून टाकावे, अशा तीन सूचना केल्या. पहिल्या दोन त्यांनी मान्य केल्या आहेत. मुखपृष्ठाबद्दल, त्या छायाचित्राशिवाय नावनोंदणी होत नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. छायाचित्र ठेवा, फक्त त्याखाली ‘राणी मारीचा ब्रान किल्ला’ असे लिहा, असे मी त्यांना पुन्हा कळवले आहे.