घरशाळा, घरची प्रार्थना आणि पाण्याचा दिवस: परदेशी संच घ्यावा की बालभारती?

गेल्या महिन्यात रविवारची भक्ती सुटल्यावर चर्चच्या आवारात मंडळीतल्या एका तरुण आईने मला गाठलं. धाकटं कडेवर, थोरलं हाताला. "काकू, जूनपासून दोघांना घरीच शिकवायचं ठरवलंय. तो बायबलसकट सगळं तयार येणारा परदेशी संच मागवू, का आपली बालभारतीच बरी? आणि प्रार्थना सकाळी घेता का रात्री?" बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. मी म्हटलं, जा तू, सविस्तर कळवते. ते सविस्तर हे.

मी अकरा वर्षं घरी शिकवतेय. त्यातली पहिली दोन परदेशी संचावर गेली, बाकीची बालभारतीवर. त्यामुळे दोन्ही घरचं मीठ खाल्लंय. माझा कल कुठे आहे ते पुढे कळेलच, लपवत नाही.

आधी माझं माप सांगते. सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही. मधे काही दिवस जातात, आणि येतं तेव्हा घड्याळ बघून येत नाही. पाणी आलं की पिंप, हंडे, मोटर, धुणं, सगळं एकदम. त्या दिवशी वेळापत्रक म्हणजे भिंतीवरचा कागद. म्हणून कुठलीही पद्धत निवडताना मी एवढंच बघते: पाण्याच्या दिवशी यातलं काय उरतं? बाकीच्या दिवशी सगळंच बरं चालतं.

परदेशी ख्रिस्ती संच

याची खरी सोय सांगायची तर आईचं डोकं वाचतं. आज काय शिकवायचं हे रात्री अकराला ठरवत बसावं लागत नाही. पुस्तक उघडलं की दिवसाचा पाठ, त्यासोबत वचन, त्यावर प्रश्न, खाली खूण करायला चौकोन. विज्ञानाच्या पाठातसुद्धा उत्पत्तीचा पहिला अध्याय येतो. नव्याने सुरुवात करणाऱ्या बाईला हा मोठा आधार आहे, आणि घरात इंग्रजी वाचणारं दुसरं कुणी असेल तर आणखीच.

आता अडचणी. गणितात पेनी, निकेल आणि डाइम; आमचा थोरला नाणी मोजायला शिकला तो न बघितलेली. ऋतूंच्या धड्यात बर्फ, आणि खिडकीबाहेर सोलापूरचा एप्रिल. हे हसून नेता येतं. इंच-फूट, अमेरिकेचा इतिहास हेही गाळता येतं. जड गेलं ते वेगळंच. हे संच बहुधा एकशेऐंशी दिवसांचे, म्हणजे छत्तीस आठवड्यांचे आखलेले असतात आणि प्रत्येक पानावर दिवसाचा क्रमांक असतो. आमच्याकडे पाणी, पाहुणे, सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, दोघांच्या कांजण्या. दिवाळी आली तेव्हा क्रमांकाप्रमाणे सत्तरीत असायला हवं होतं आणि आम्ही एकेचाळिसाव्या पानावर होतो.

मग मी धावायला लागले. त्या धावपळीत बायबलचा पाठ हा पुरा करायचा पहिला विषय झाला. एके दिवशी थोरल्याने काहीतरी आगाऊपणा केला म्हणून मी त्याला पाठांतराचं वचन दहा वेळा लिहायला बसवलं. वचन होतं गलतीकरांस पत्रातलं, आत्म्याच्या फळाचं: प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता. तो 'सौम्यता' लिहीत होता आणि मी स्वयंपाकघरातून ओरडत होते. धाकटी दारात उभी राहून म्हणाली, "आई, आज देव रागावलाय का?"

हा काही संचाचा दोष नव्हता, माझा होता. पण ज्या पद्धतीत प्रार्थनेलाही खुणेचा चौकोन असतो, तिथे माझ्यासारख्या बाईचा पाय लवकर घसरतो. तुझा स्वभाव शांत असेल, राहिलेलं पान उलटून पुढे जाता येत असेल, तर तुला हा त्रास व्हायचा नाही. माझी मावसबहीण तोच संच वापरते आणि क्रमांकावर चक्क पांढरा कागद चिकटवते. पैशांचं म्हणशील तर पुस्तकांच्या किमतीवर टपाल आणि सीमाशुल्क चढतं, ते आधी विचारून घे.

बालभारती आणि पवित्र शास्त्र

बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफमध्ये फुकट मिळतात, छापील दुकानात स्वस्त. चौथीला शिवाजी महाराज येतात आणि शेजारच्या पोरांशी बोलायला आपल्या पोरांना विषय मिळतो. घरी शिकणाऱ्या मुलाला ही गोष्ट क्षुल्लक नसते. पुस्तकातली भाकरी त्याच्या ताटातली असते, रुपये त्याच्या खिशातले.

उणं एवढंच की या पुस्तकांत आपला विश्वास कुणी घालून देत नाही. तो आईने आणायचा. मला सुरुवातीला ही भीती वाटली होती, आज तीच जमेची बाजू वाटते. बायबलातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात मुलांना शिकवण्याबद्दल सांगितलंय, त्यात वर्ग नाही, फळा नाही: घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना बोलत जा, एवढंच आहे. पाण्याच्या दिवशी हे जमतं. हंडा भरेपर्यंत शोमरोनी बाई आणि विहीर ही गोष्ट सांगून होते. योहानाचा चौथा अध्याय आमच्याकडे नळापाशीच शिकवला गेला.

दुसरं म्हणजे भाषा. आपलं पवित्र शास्त्र, 'उपासना संगीत', मंडळीतली प्रार्थना, सगळं मराठीत. मुलगा वचनं इंग्रजीत पाठ करतो आणि आजीला ती कळत नाहीत, हे मी दोन वर्षं बघितलं. सासूबाई नुसत्या कौतुकाने मान हलवायच्या. मराठीवर आलो आणि त्या एकदम शिक्षिका झाल्या. नारायण वामन टिळकांची गीतं अभंगाच्या, ओवीच्या वळणाची. ती शिकवायला पेटी लागत नाही, जात्यावर बसलेली बाईसुद्धा शिकवू शकली असती. पौल तीमथ्याला लिहितो की तुझ्यातला विश्वास आधी तुझी आजी लोईस आणि आई युनीके यांच्यात होता. आजीचं नाव आधी आहे. सोलापुरात अजून पुष्कळ घरांत आजी आहे, आणि घरशाळेचा विचार करताना आपण तिला मोजतच नाही. तेलुगू किंवा कन्नड घर असेल तर आजीची भाषा ती. गोष्ट त्या भाषेत सांगितली तरी दानीएल सिंहांच्या गुहेतच पडतो.

घरी शिकणं हे आपल्याकडे परदेशातून आलेलं खूळ आहे असं कुणी म्हणालं तर पंडिता रमाबाईंचं नाव सांग. त्यांना संस्कृत त्यांच्या आईने, लक्ष्मीबाई डोंगरे यांनी शिकवलं, तेही पहाटे, घरकामाला हात लागण्याआधी. ती आई ख्रिस्ती नव्हती, पण तिने शिकवलेल्या मुलीने पुढे सोप्या मराठीत बायबलचं भाषांतर केलं आणि ते १९२४ साली, रमाबाई गेल्यानंतर दोन वर्षांनी, छापून आलं.

बालभारतीबरोबर एक फुकटची रीत घे. शार्लट मेसन (१८४२–१९२३) या इंग्लंडमधल्या शिक्षिकेने ती रूढ केली: लहान मुलांचे पाठ पंधरा-वीस मिनिटांचे ठेवायचे, आणि गोष्ट एकदाच वाचून ती मुलाला आपल्या शब्दांत परत सांगायला लावायची. प्रश्नपत्रिका नाही. माझ्या धाकटीने उधळ्या पुत्राची गोष्ट सांगताना डुकरांऐवजी म्हशी घातल्या होत्या, पण बाप धावत गेला हे बरोबर सांगितलं.

परीक्षेचं थोडक्यात, कारण सासरची मंडळी हेच आधी विचारतात. २००९चा शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी आहे. मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य असं त्याचं दहावं कलम म्हणतं, पण न घालणाऱ्या पालकाला त्यात शिक्षा सांगितलेली नाही आणि घरशाळेचा वेगळा उल्लेखही नाही. पुढे दहावीला राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा, म्हणजे एनआयओएसचा रस्ता आहे. चौदा वर्षं पूर्ण हवीत, पाच विषय, वर्षातून दोनदा परीक्षा, पाच वर्षांत नऊ संधी, आणि मराठी माध्यमही आहे. राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म खासगी विद्यार्थ्यांसाठी असतो. त्याच्या अटी त्या त्या वर्षी नीट वाचून घे. यातलं काहीही दोन्ही पद्धतींना सारखंच लागू, त्यामुळे निवड यावर अडवू नकोस.

सकाळ की रात्र

सकाळची प्रार्थना शोभून दिसते. मुलं न्हाऊन बसलेली, डोकं ताजं. उन्हाळ्यात तर सोलापुरात अभ्यास सकाळी साडेसहा ते दहा एवढाच खरा. नंतर पंखासुद्धा गरम हवा फेकतो. म्हणूनच सकाळची वेळ मोलाची आहे आणि म्हणूनच तिथे भांडण होतं: प्रार्थना लांबली की गणित मार खातं, आणि पाणी आलं की दोन्ही.

आमच्याकडे आता रात्रीची आहे, जेवणानंतर, ताटं उचलायच्या आधी. ताटं उचलली की माणसं पांगतात, हा अनुभव. एक गीत, वाचन, प्रत्येकाची एक ओळ, शेवटी प्रभूची प्रार्थना. मार्काचे अध्याय सोळाच आहेत, रोज अर्धा अर्धा वाचला तरी साधारण महिन्यात संपतात. नीतिसूत्रांचे एकतीस, तारखेला तारीख जुळते, कुणी एक दिवस चुकलं तरी मागचं भरून काढावं लागत नाही. वडीलही रात्री असतात, आणि घरची प्रार्थना ही फक्त आईची नोकरी आहे असं मुलांना वाटत नाही. तुझ्या नवऱ्याची रात्रपाळी असेल तर अर्थात सकाळच घे.

मात्र स्वतःसाठी पहाटेची दहा मिनिटं वेगळी ठेव, आणि त्यात मुलांच्या पाठाची तयारी करू नकोस. मी वर्षभर तेच करत होते. वचन वाचायचं आणि लगेच यावर प्रश्न कुठले काढावेत हे सुचायचं. स्वतः उपाशी राहून वाढत होते.

आईला धीर कुणाकडून

इथेही दोन वाटा आहेत. एक व्हॉट्सअॅपवरचे घरशाळेच्या आयांचे गट, पुण्या-मुंबईच्या, बेंगळुरूच्या. दुसरी आपल्या मंडळीतलं महिला मंडळ. गटातल्या बायकांना तुझी अडचण अर्ध्या वाक्यात कळते; कुठलं पुस्तक, कुठला फॉर्म, सगळं रात्री बारालाही मिळतं. पण तिथे फोटोही येतात. हाताने शिवलेलं नोहाचं तारू, सात वर्षांच्या मुलाची पाठ झालेली स्तोत्रं. वाईट दिवशी ते बघणं म्हणजे आजाऱ्याने पंगत बघणं. मी गट सोडला नाही, दुपारी बंद करते.

महिला मंडळातल्या बायका पहिली दोन वर्षं मला एकच प्रश्न विचारायच्या, "शाळेत का घालत नाहीस गं?" जरा लागायचं. पण मला टायफॉइड झाला तेव्हा त्याच बायका कडक भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन आल्या, एकीने तीन दिवस मुलांचं गणितही घेतलं. तिला घरशाळा अजून पटलेली नाही. बायबलातल्या एलीया संदेष्ट्याची गोष्ट मला तेव्हा नीट कळली. तो झुडपाखाली मरण मागत झोपला, तर देवदूताने त्याला आधी उपदेश केला नाही. उठ, खा, म्हणाला. पुन्हा झोपला, पुन्हा खायला दिलं. बोलणं नंतर, चाळीस दिवसांनी, होरेब डोंगरावर. थकलेल्या आईला गटात वचन मिळतं. भाकरी मात्र शेजारून येते. एकच निवडायचं तर मी मंडळ निवडीन.

नीतिसूत्रांतल्या एकतिसाव्या अध्यायाची सद्गुणी स्त्री कुणी तुझ्यासमोर धरली, तर पंधरावं वचन काढून दाखव. तिच्या घरी दासी होत्या.

आणि सुझाना वेस्ली, मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीची आई. एकोणीस बाळंतपणं, जगलेली मुलं दहा, शिकवली घरीच. तिची एक सवय मी उचलली: आठवड्याचा एक वार एका मुलाचा, त्या संध्याकाळी त्याच्याशी एकट्याने बोलायचं. जॉनचा गुरुवार होता. आमच्या धाकटीचा मंगळवार. आम्ही कंबर तलावाकडे चालत जातो आणि बहुतेक वेळा विषय देवाचा नसतो, मांजराचा असतो.

तर माझं मत: बालभारती, रात्रीची प्रार्थना, महिला मंडळ. संच घ्यायचाच असेल तर पूर्ण वर्षाचा घेण्याआधी कुणाकडून आठवड्याची पानं माग आणि तो आठवडा पाणी येणारा निवड.

त्या आईचा परवा निरोप आला. तिने संचातली फक्त गोष्टींची पुस्तकं घ्यायची ठरवलीत, बाकी बालभारती. आणि शनिवार सासूबाईंना दिलाय. त्या तेलुगूतून सांगणार आहेत, पहिली गोष्ट योना आणि मासा. धाकटा आत्तापासूनच विचारतोय, मासा उजनी धरणात मावेल का?