शोसोइनची नक्षी आणि छापील पॉलिएस्टर

जपानमध्ये राहणाऱ्या, तसेच तिथून भेटवस्तू मागवणाऱ्या मराठी मंडळींनी सावध राहावे, म्हणून हा अनुभव लिहीत आहे. पुण्यातल्या नातेवाइकांना देण्यासाठी मी समाजमाध्यमावरील एका जाहिरातीवरून क्योतोच्या निशिजिन विणकामाच्या, म्हणजे जपानी किनखाबाच्या, काही छोट्या पर्स मागवल्या. ‘शोसोइन नक्षी, अस्सल रेशीम, विणलेले कापड’ अशी जाहिरात होती, एका पर्सची किंमत ९,८०० येन होती आणि पैसे कार्डाने न स्वीकारता एका व्यक्तीच्या नावावरील बँक खात्यात भरायला सांगितले होते.

शोसोइन हे नारा येथील तोदाइजी मंदिराचे आठव्या शतकातले भांडार. सम्राट शोमू यांच्या निधनानंतर ७५६ साली सम्राज्ञी कोम्यो यांनी बुद्धाला अर्पण केलेल्या सम्राटांच्या वस्तू तिथे जपल्या गेल्या. तिथल्या कापडांवर समोरासमोर उभे प्राणी, द्राक्षवेली, होसोगे नावाचे काल्पनिक फूल आणि इराणकडून रेशीम मार्गाने आलेली, मोत्यांच्या सरासारखी ठिपक्यांची वर्तुळे दिसतात. विसाव्या शतकात क्योतोच्या तात्सुमुरा हेइझो यांनी अशा जुन्या कापडांचा अभ्यास करून ती नव्याने विणली. हा सारा इतिहास विक्रेत्याने अगदी बिनचूक दिला होता आणि खरी मेख तिथेच आहे. बाराशे वर्षांपूर्वीची नक्षी कोणीही कशावरही छापू शकतो; तिच्या नावावरून कापडाचा दर्जा मुळीच ठरत नाही.

हाती आलेल्या पर्सवर अंगठा फिरवला, तर सोनेरी भाग आणि लाल भाग सारखेच गुळगुळीत लागत होते. पारंपरिक कामात जपानी कागदावर सोन्याचा वर्ख चढवून त्याच्या बारीक पट्ट्या कापतात व त्या बाण्यात, म्हणजे आडव्या धाग्यांत, विणतात, त्यामुळे सोनेरी भाग बोटाला वेगळा लागतो. पर्सला अस्तर असल्याने कापडाची पाठ दिसत नाही, म्हणून मी कोपऱ्यातले टाके उसवले. आत पांढरे कापड होते आणि त्यावर ठिकठिकाणी रंग झिरपलेला होता. किनखाबाच्या पाठीवर रंगीत बाण्याचे धागे धावताना दिसतात. पैठणी दोन्ही बाजूंनी सारखी असते, त्या सवयीने इथे पारख करू नये. एक धागा जाळला, तर तो वितळून त्याचा कडक मणी झाला. रेशमाला जळक्या केसांसारखा वास येतो आणि त्याची राख चिमटीत भुगा होते.

प्रामाणिक दुकानांतल्या पर्समध्येही रेयॉन किंवा पॉलिएस्टर असते, पण ते तसे सांगून विकले जाते आणि त्याबद्दल तक्रार असण्याचे कारण नाही. इथे धाग्याचा तपशील देणारी चिठ्ठीच नव्हती. जपानी कायद्यानुसार ऑनलाइन विक्रेत्याने आपले नाव, पत्ता व दूरध्वनी क्रमांक देणे बंधनकारक आहे. या संकेतस्थळावर फक्त संपर्काचा अर्ज होता.

ऑनलाइन खरेदीला तिथला ‘कूलिंग ऑफ’, म्हणजे ठरावीक मुदतीत कारण न देता खरेदी रद्द करण्याचा हक्क, लागू होत नाही, हेही अनेकांना माहीत नसते. ग्राहक मदतीच्या १८८ या क्रमांकावर फोन केल्यावर मला पोलिसांकडे व ज्या बँकेतल्या खात्यात पैसे भरले तिच्याकडे तत्काळ तक्रार करण्यास सांगण्यात आले, कारण फसवणुकीसाठी वापरलेले खाते गोठवून त्यातली शिल्लक तक्रारदारांत वाटण्याची तरतूद जपानी कायद्यात आहे. खाते गोठवले गेले; त्यात शिल्लक जवळपास काहीच नव्हती.