साठ रुपयांची मातीची गुहा: झेब्रा प्लेकोसाठी कुंभारवाड्यातून करून घेतली, वर्षभराचा अनुभव

निकाल आधी सांगते. धारावीच्या कुंभारवाड्यातून करून घेतलेल्या मातीच्या गुहा आमच्या टँकमध्ये वर्षभर आहेत. त्यातल्या एकीत जुलैमध्ये झेब्रा प्लेकोने अंडी घातली आणि अकरातली नऊ पिल्लं आज टँकमध्ये हिंडतायत. ज्यांच्याकडे हे मासे आहेत त्यांनी बाहेरून गुहा मागवायच्या आधी जवळच्या कुंभाराकडे एक चक्कर मारावीच. फक्त "गुहा करून द्या" एवढं सांगून भागत नाही. माझे पहिले बारा नग वाया गेले आणि चूक कुंभाराची नव्हती, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

गुहेचं एवढं काय, असं ज्यांना वाटेल त्यांच्यासाठी आधी माशाबद्दल. झेब्रा प्लेको जगात एकाच ठिकाणचा: ब्राझीलच्या पारा राज्यातली शिंगू नदी, आणि तिच्यातही आल्तामिराजवळचं ते मोठं वळण, व्होल्टा ग्रांदे. तिथे तळाला खडक, खडकाला भेगा आणि भेगांवरून सुसाट धावणारं कोमट पाणी. मासा बोटाएवढा, आठ-नऊ सेंटिमीटरचा, पांढऱ्यावर काळे पट्टे. दिवसभर कपारीत आणि रात्री बाहेर. शास्त्रज्ञांनी त्याला नाव दिलं १९९१ मध्ये. त्याच वळणावर बेलो मोंते धरण झालं, २०१६ पासून तिथे वीज तयार होते आणि नदीचं बरंचसं पाणी वळणाला बगल देऊन कालव्याने जातं. नदीतला मासा पकडून विकणं थांबावं म्हणून २०२२ मध्ये पनामाच्या परिषदेत त्याला साइट्सच्या, म्हणजे दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात घेतलं आणि नदीतून पकडलेल्या माशांच्या व्यापारी निर्यातीचा कोटा शून्य ठेवला. हे वाचलं तेव्हापासून माझ्या मनात पक्कं आहे की या माशाला घरी नुसतं जिवंत ठेवणं पुरेसं नाही, त्याची पिल्लं झाली पाहिजेत. मी घेतलेले सहाही मासे ठाण्याच्या एका गृहस्थांनी घरी वाढवलेले होते. आईबापांचा टँक समोर बघितला आणि मगच पैसे दिले.

पिल्लं व्हायची तर गुहा लागते. नर मादीला आत घेतो, दाराशी स्वतः आडवा होऊन तिला दोन-तीन दिवस कोंडून ठेवतो. अंडी घातली की मादी जाते आणि नर एकटा बसून शेपटी-पंखांनी अंड्यांवर पाणी खेळवत राहतो. दार त्याच्या अंगाबरोबर असेल तरच हे जमतं. रुंद असलं तर मादी निसटते, अरुंद असलं तर नर आतच जात नाही.

आमचा टँक तीन फुटी आहे, साधारण १३० लिटरचा. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करते, त्यामुळे मोजमाप ठेवायची सवय आहे. मुंबईकरांना एक मोठं सुख असं की पालिकेचं पाणी मऊ येतं. शीवला आमच्या नळाला टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा आकडा, साठच्या आसपास असतो, क्लोरीन काढलं की झेब्रासाठी वेगळं काही करावं लागत नाही. हीटरही डिसेंबर-जानेवारीतच लागतो. अडचण उलट टोकाला आहे. मे महिन्यात टँक ३१-३२ अंशांवर जातो आणि पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंशांना लिटरमागे नऊ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशांना साडेसातच. वाहत्या पाण्यातला हा मासा त्यावर लगेच धापा टाकतो. म्हणून टँकबाहेरच्या कॅनिस्टर फिल्टरशिवाय दोन स्पंज फिल्टर, प्रवाह तयार करणारा एक वेव्हमेकर आणि बॅटरीवर चालणारा एअरपंप एवढं कायम चालू असतं. खायला ब्लडवर्म (लाल अळ्या), आर्टेमिया (कोळंबीसारखे बारीक जीव) आणि आठवड्यातून दोनदा बारीक चिरलेली ताजी कोळंबी. प्लेको म्हणजे काचेवरचं शेवाळ खाणारा, असं समजून याला काकडीवर ठेवू नका, हा उपाशी मरेल.

एवढं सगळं करूनही दीड वर्ष काही झालं नाही. आधी मी एका दुकानातून रेझिनचा पोकळ ओंडका आणला होता. तीन महिन्यांत त्याचा रंग सुटला आणि आतल्या धारदार कडेने एका मादीची शेपटी फाटली. ती शेपटी भरून यायला पाच आठवडे लागले, रोज बघून जीव तुटायचा. मग परदेशी बनावटीच्या सिरॅमिक गुहा मागवल्या, साडेसहाशेला एक. घडण छान, कड गुळगुळीत, पण तोंड पाच सेंटिमीटरचं, मोठ्या प्लेकोसाठी केलेलं. आमचे दोन्ही नर आत जायचे, मागे वळायचे, बाहेर यायचे. मुक्कामाला कोणीच थांबेना.

शीवहून कुंभारवाडा दहा मिनिटांवर. पणत्या आणायला आम्ही दरवर्षी जातो, तरी गुहा तिथे होतील हे डोक्यात यायला एवढा वेळ गेला. सौराष्ट्रातून येऊन पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिलेली ही कुटुंबं. घर, चाक आणि भट्टी सगळं एकाच गल्लीत. मी कागदावर आकृती काढून नेली: आतून रुंदी साडेतीन सेंटिमीटर, उंची दोन पूर्णांक आठ, लांबी अकरा, मागून बंद. ज्यांच्याकडे गेले ते काका साठीपुढचे असावेत. कागद बघून म्हणाले, "बेन, आकडा नको. मासा दाखवा."

मला घाई होती. म्हटलं, काका, एवढ्याच मापाने करा. त्यांनी केल्या. बारा नग भट्टीतून आले तेव्हा तोंडाची रुंदी तीन पूर्णांक एक भरली. माती वाळताना आटते, भाजताना आणखी आटते, हे मला माहीत असायला हवं होतं. नराने डोकं घातलं, खांदे अडकले, मागे सरकला. त्या बारा गुहांत आता पिल्लं लपतात, एवढाच त्यांचा उपयोग.

दुसऱ्या खेपेला मोबाईलवर व्हिडिओ घेऊन गेले. रात्री लाल बॅटरीत काढलेला, काचेवर शेजारी रुपयाचं नाणं चिकटवलेलं. काकांनी तो तीनदा बघितला. मग विचारलं, बाजूचे पंख उघडले की केवढा होतो? मला सांगता आलं नाही. घरी येऊन दोन रात्री काचेवर पट्टी धरून मापलं, तिसऱ्या दिवशी आकडा घेऊन गेले आणि त्यांच्याशेजारीच बसले.

ती कृती मी कधी विसरणार नाही. त्यांनी एक लाकडी पट्टी घेतली, रंध्याने कडा गोल केलेली, माझ्या मापापेक्षा अर्धा सेंटिमीटर जास्त रुंद. तिला ओलं फडकं घट्ट गुंडाळलं. पाटावर माती पोळीसारखी लाटली, पट्टीभोवती वळली आणि जोड खालच्या अंगाला घेऊन अंगठ्याने दाबत नेला. मग फडक्यासकट पट्टी हळूच बाहेर ओढली, फडकं निघताना आतली बाजू आपोआप पुसली गेली. मागच्या तोंडाला मातीची टिकली लावली, करंगळी ओली करून आतला सांधा लिंपला. शेवटी पुढच्या ओठावरून ओलं बोट दोनदा फिरवलं. तळ सपाट राहावा म्हणून पाटावर अलगद टेकवली. एका गुहेला तीन मिनिटंसुद्धा लागली नसतील. मला म्हणाले, "याला दारात आडवं बसायचंय ना? मग ओठ जरा आत घेतो." आणि पुढच्या वीस गुहांचा ओठ किंचित आत वळवला. हे माझ्या आकृतीत नव्हतं.

वीस नग, साठ रुपयांना एक, दोन आठवड्यांनी मिळाले.

आता उणिवा. वीसपैकी दोन तडकलेल्या निघाल्या, काकांनी न बोलता बदलून दिल्या. तीन गुहांच्या ओठावर खरखर होती. मासा तिथेच अंग घासतो, म्हणून मी शून्य नंबरच्या पॉलिश पेपरने पाण्याखाली घासून घेतल्या. एका गुहेच्या छताला पांढरा ठिपका होता, व्हिनेगरचा थेंब टाकल्यावर फसफसला. चुनखडीचा कण. असा कण पाणी कडक करतो आणि ओलावा पिऊन फुटतोही. ती गुहा बाजूला ठेवली. ही तपासणी प्रत्येक नगाची करा, अर्धा तास जातो, पण करा. मग सगळ्या बादलीत भिजत घातल्या. पहिल्या दिवशी बादलीचा टीडीएस ६२ वरून १४८ वर गेला. रोज पाणी बदलत पाचव्या दिवशी ६६ ला आला, तेव्हाच टँकमध्ये टाकल्या. रंग दिलेल्या, चकाकी चढवलेल्या कुंड्या या कामाला घेऊ नका, साधी भाजलेली मातीच हवी. महिनाभरात तिच्यावर तपकिरी बुळबुळीत थर येतो. दिसायला तो छान नाही, पण मी खरवडत नाही, कारण पिल्लं पहिल्यांदा तोंड लावतात ते त्यालाच.

एका गोष्टीवर माझं आणि ठाण्याच्या त्या गृहस्थांचं एकमत नाही. गुहेच्या मागे बारीक भोक ठेवावं, पाणी खेळतं राहतं, असं ते म्हणतात. माझा नर बंद गुहेतही पंखांनी भरपूर पाणी हलवतो, मी बघितलंय. भोकातून पिल्लू वेळेआधी बाहेर पडलं तर रात्रीत कुणाच्या तरी पोटात जाईल. मी भोक ठेवत नाही.

गुहांची तोंडं प्रवाहाला आडवी लावली, काळ्या दगडांच्या आडोशाला, उजेड कमी पडेल अशी. आठवड्याभरात मोठ्या नराने डावीकडची दुसरी गुहा धरली आणि सोडली नाही. मग जुलैत जोराचा पाऊस लागला, नळाचं पाणी गार यायला लागलं. मी लागोपाठ तीन दिवस तीस-तीस लिटर पाणी बदललं आणि टँक ३० वरून २७ वर आला.

आमच्या सासऱ्यांना, नानांना, रात्री झोप लागत नाही. ते दोन-दोन तास टँकसमोर खुर्ची टाकून बसतात. चौथ्या रात्री अडीचला त्यांनी मला उठवलं. "अगं, ऊठ. त्या दुसऱ्या घराच्या दारात दोन शेपट्या दिसतायत." लाल बॅटरी घेऊन गेले. नराची शेपटी बाहेर, दोन्ही बाजूंचे पंख भिंतींना टेकलेले, आणि त्याच्या पोटाखालून दुसरी शेपटी हलतेय. बाहेर यायला बोटभर जागा नव्हती. आत वळवलेला तो ओठ बरोबर त्याच्या पंखांच्या मुळाशी अडला होता. नाना आणि मी जमिनीवर बसून राहिलो, चहासुद्धा केला नाही.

दोन दिवसांनी मादी बाहेर पडली, पोट सपाट. आणखी तीन दिवस मी बॅटरी लावली नाही. नंतर लावली तर नराच्या पंखाआड पिवळट दाण्यांचा घोस दिसला. आठवड्याभरात अंडी फुटली. पिल्लांच्या पोटाला पिवळा गोळा होता, तो संपेपर्यंत ती बापाच्या मागेच राहिली. पहिलं पिल्लू बाहेर आलं तेव्हा सेंटिमीटरभर होतं आणि पट्टे पूर्ण आखलेले. अकरा मोजली, दोन गेली.

मोबाईलवर पिल्लं दाखवायला मी कुंभारवाड्यात गेले. काकांनी व्हिडिओ घरात नेऊन सगळ्यांना दाखवला, मग बाहेर येऊन तीच लाकडी पट्टी मला दाखवली. खिळ्याला टांगून ठेवली होती, वर खडूने मासा काढलेला.

कुणाला करून घ्यायच्या असतील तर वेळ बघून जा. नवरात्राच्या आधी गरब्याचे घट आणि त्यानंतर दिवाळीपर्यंत पणत्या, तेव्हा त्यांना मान वर करायला सवड नसते. पावसात माती वाळत नाही. जानेवारी ते मे बरा. माशाचा व्हिडिओ न्या, पंख उघडलेल्या अंगाचं माप न्या आणि आटण्याचा हिशेब त्यांच्यावर सोडा. मी जानेवारीत पुन्हा जाणार आहे. पिल्लं आता अडीच सेंटिमीटरची झालीत, त्यांच्यासाठी दोन सेंटिमीटर तोंडाच्या दहा गुहा हव्यात. नानांनी सांगितलंय, यावेळी पट्टी तासताना मलाही घेऊन चल.